जीपीएस घेताय? आधी नकाशा बघा

आमच्या गिरावीनपासून समुद्र तीसेक किलोमीटरवर आहे. सिडनीच्या पश्चिमेकडचं हे उपनगर. इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत गिरावीन म्हणजे फुलांची जागा असं सांगतात. आमच्या गल्लीत मात्र फुलांपेक्षा ट्रेलर जास्त. दर तीन-चार घरांआड एक होडी ताडपत्री पांघरून उभी असते आणि वर्षातून सहा वेळा पाणी बघते. दोन वर्षांपूर्वी मी आणि शेजारचा कोईम्बतूरचा मित्र, आम्हीही त्या वेडात सामील झालो. दोघांत मिळून एक सव्वापाच मीटरची ॲल्युमिनियमची होडी घेतली, अर्थात जुनी. होडीबरोबर एक जीपीएसही आला होता. त्याचा पडदा काळा पडलेला आणि नकाशा कुठल्या सालचा ते देवाला ठाऊक. म्हणून नवीन घ्यायला निघालो.

संशोधन करणाऱ्या इंजिनिअरला काहीही विकत घ्यायला पाठवू नये. टोस्टर घ्यायचा तरी मी एक्सेल उघडतो, हा बायकोचा जुना आरोप आहे. इथे तर माझा विषयच सेन्सर आणि सिग्नलचा! एका आठवड्यात माझ्या तक्त्यात चौदा यंत्रं आणि बावीस रकाने झाले. पडद्याचा आकार, उजेड, वॉटरप्रूफ रेटिंग, किती उपग्रह दिसतात, सेकंदाला किती वेळा जागा मोजतं... सगळं होतं. बावीसपैकी नकाशाचे रकाने किती? एक. त्यात लिहिलं होतं 'आहे'.

दुकानातही हीच तऱ्हा. विक्रेता मुलगा भला होता, त्याने नऊ इंची पडदा लावून दाखवला, बोटांनी नकाशा मोठा केला, लहान केला, समुद्राचा तळ त्रिमितीत फिरवून दाखवला. मी विचारलं, "ही खोली कोणी मोजली? कधी?" तो म्हणाला, "नकाशा अगदी लेटेस्ट आहे सर, याच वर्षीचा." म्हणजे फाइल याच वर्षीची. मोजणी कधीची ते त्यालाही माहीत नव्हतं आणि खोक्यावरही नव्हतं. लोक यंत्र निवडतात आणि नकाशा त्याच्याबरोबर फुकटात येतो असं समजतात, माझ्या मते हेच उलटं आहे. निवडायचा तो नकाशा, आणि तो ज्यात चालेल ते यंत्र मग घ्यायचं.

कारण रिसीव्हरचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. त्याआधी शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा, त्यानंतर साध्या यंत्रालाही मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटरच्या आत जागा सापडू लागली. आज खिशातला फोनही तेवढं करतो. कित्येक वर्षं यंत्रांच्या खोक्यांवर 'वॉस'चा शिक्का असायचा. ती सुधारणा उत्तर अमेरिकेसाठी होती, आपल्याला इथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता, पण लोक तो शिक्का बघून पैसे मोजायचे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची स्वतःची तशी सेवा, साउथपॅन, तिचे पहिले सिग्नल २०२२ मध्ये आले. भारताचं गगन त्याच्या बरंच आधीचं.

जाता जाता एक गंमत. ऑस्ट्रेलिया खंड दरवर्षी सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. १९९४ ची संदर्भप्रणाली बदलून २०२० ची आणली तेव्हा आमच्या घरासकट सगळा देश कागदावर १.८ मीटर हलला. घराचे हप्ते मात्र तेवढेच राहिले. पण याहून जुन्या, १९६६ च्या प्रणालीवरच्या चार्टवरून अक्षांश-रेखांश उतरवून यंत्रात घातलेत तर फरक दोनशे मीटरच्या आसपास पडतो, आणि ती गंमत राहत नाही.

आता नकाशा. इलेक्ट्रॉनिक चार्ट दोन प्रकारचे. रास्टर म्हणजे कागदी चार्टचा सरळ फोटो. व्हेक्टर म्हणजे प्रत्येक खडक, बोया, खोलीची रेघ वेगळी साठवलेली, आणि पडद्यावर त्यातलं काय काढायचं ते यंत्र ठरवतं. हे 'यंत्र ठरवतं' प्रकरण नीट समजून घ्या. कागदी चार्ट १:७५,००० चा असेल तर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ म्हणजे पाण्यावर साडेसदतीस मीटर. तो कागद हातात असला की आपल्या नजरेला आपोआप मर्यादा पडते. पडद्यावर तीच माहिती बोटांनी ताणून दहापट मोठी करता येते आणि आपल्याला वाटतं आपण जवळून बघतोय. बघत नसतो, नुसतं ताणत असतो. उलट लहान केला की गर्दी नको म्हणून यंत्र काही गोष्टी गाळतं.

त्या गाळण्यात काय जाऊ शकतं? २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेसमधली टीम वेस्टास विंड ही नौका मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर रात्रीच्या अंधारात आदळली. वेग १९ नॉटच्या आसपास. कप्तान ऑस्ट्रेलियाचा ख्रिस निकल्सन, जगातल्या अनुभवी खलाशांपैकी एक. नौकेवर एकापेक्षा एक भारी उपकरणं. नऊच्या नऊ जण वाचले हे नशीब. २०१५ मध्ये अहवाल आला. ज्या प्रमाणावर त्यांनी मार्ग तपासला त्या प्रमाणावर पडद्यावर फक्त समुद्रतळाचा उंचवटा दिसत होता, कमीत कमी खोली ४० मीटर. अजून मोठं केलं असतं तर अख्खी बेटं दिसली असती. जीपीएस त्या रात्रीही अगदी बरोबर होता!

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत असते. सरकारी इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये प्रत्येक भागाला विश्वासार्हतेची श्रेणी दिलेली असते. ए१ म्हणजे दाखवलेल्या वस्तूची जागा पाच मीटरच्या आसपास बरोबर. बी म्हणजे ५० मीटर. सी म्हणजे ५०० मीटर. डी त्याहून वाईट, आणि यू म्हणजे कोणी तपासलेलंच नाही. सिडनी बंदर उत्तम मोजलेलं आहे, पण या देशाच्या अफाट किनाऱ्याचे मोठे तुकडे अजून आधुनिक पद्धतीने मोजायचेच आहेत. म्हणजे सी श्रेणीच्या पाण्यात तुम्ही कुठे आहात ते यंत्राला तीन मीटरपर्यंत ठाऊक, आणि खडक कुठे आहे ते नकाशाला अर्ध्या किलोमीटरपर्यंत! तरी पडद्यावर दोन्ही सारख्याच ठाशीव रेघांनी काढलेले. मी तपासलेल्या चार हौशी नकाशांपैकी एकातच ही श्रेणी सहज सापडली. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने एरर बारशिवाय आलेख आणला तर मी तो परत पाठवतो. इथे त्याच आलेखाच्या भरवशावर माणसं पोरांना घेऊन पाण्यात जातात.

'माणसं' कशाला, मीच गेलो की. मागच्या जानेवारीत बाबा मालवणहून आले होते. नवीन यंत्राचा निर्णय एक्सेलमध्येच अडकलेला, म्हणून फोनवर एक नकाशाचं ॲप घेतलं. ब्रुकलिनच्या पार्स्ली बे रॅम्पवर होडी पाण्यात सोडली. बाबा, माझी सात वर्षांची मुलगी आणि मी. हॉक्सबरी नदीतून ब्रोकन बेमध्ये उतरलो, लायन आयलंड उजवीकडे ठेवून एटालाँगला जायचं, मासे आणि चिप्स खायचे आणि परत यायचं, एवढाच बेत. ब्रिस्बेन वॉटरच्या त्या तोंडाशी वाळू सतत सरकते. २०१८ मध्ये ती इतकी साठली की पाम बीचहून येणारी फेरी काही काळ एटालाँगच्या धक्क्याला लागू शकली नाही. हे मला माहीत होतं. वाचलं होतं!

तिथे पोचलो तर पडद्यावरचा लाल बोया आणि पाण्यातला लाल बोया एका जागी नव्हते. बाबा पुढे बसलेले. म्हणाले, "अरे, पुढे पाणी फिकट दिसतंय." मी म्हणालो, "नकाशात दोन मीटर आहे, बाबा." खरा बोया डोळ्यांसमोर डुलत होता, वाळू सरकली म्हणून कोणीतरी बोट घेऊन येऊन तो हलवलेला होता, आणि मी पीएचडी झालेला माणूस, मी पडद्याची बाजू घेतली. दहा सेकंदांत पंखा वाळूत. ओहोटी लागलेली. इंजिन वर उचललं, पाण्यात उतरलो तर पाणी गुडघ्याएवढं. लेक खिदळत होती, तिला वाटलं हा बेताचाच भाग आहे. मी मात्र मागे बघत होतो. बाहेरून येणारी लाट तिथून साठेक मीटरवर फुटत होती. त्या दिवशी समुद्र शांत होता. तीच लाट मीटरभर मोठी असती तर आडवी झालेली होडी, सत्तरीतले बाबा आणि ती... लाइफ जॅकेटं सगळ्यांच्या अंगात होती, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. वीस मिनिटं ढकलून सुटलो. बाबा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत, आणि आमच्या घरात हे ओरडण्यापेक्षा भारी असतं.

रात्री त्यांनी मालवणला मामाला फोन लावला आणि अर्थातच सगळं सांगितलं. मामाची फायबरची होडी आहे, चाळीस वर्षं तो दर्यावर जातोय. तो म्हणाला, "पडद्याकडे काय बघतंस? पाण्याक बघ मरे!"

इथे वाचकांपैकी कोणी 'जुनं ते सोनं' म्हणायच्या आत सांगतो, मामाकडेही जीपीएस आहे. हातात मावणारा, साधा, नकाशाच नसलेला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. खडक इतके की ओहोटीला दिसतात तेवढे परवडले, न दिसणारे वाईट. पूर्वी देवळाचं शिखर आणि मागचा माड एका रेषेत आले की वळायचं, अशा खुणा असायच्या. जीपीएस आल्यावर मामाने काय केलं? होडी हळू नेऊन एकेका खडकाच्या जवळ जाऊन, खोली वावांत मोजून, त्याची जागा यंत्रात साठवली. शेजारी वहीत नोंद, तारीख, भरती की ओहोटी. अशी दोनशेच्या वर ठिकाणं आहेत. म्हणजे त्याच्या नकाशात एकही असा बिंदू नाही की जो कोणी मोजला, कधी मोजला हे त्याला माहीत नाही. माझ्या चौदा यंत्रांपैकी एकालाही हे म्हणता आलं नसतं.

अर्थात माझ्याकडे चाळीस वर्षं नाहीत, तेव्हा मोजणी दुसऱ्याचीच घ्यावी लागणार. म्हणून मी तक्ता पुसून नकाशापासून सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं की दुकानात कंपन्या पुष्कळ दिसल्या तरी हौशी नकाशांची मोठी घराणी थोडकीच आहेत. नॅव्हिऑनिक्स २०१७ पासून गार्मिनकडे आहे, सी-मॅप २०२१ पासून ब्रन्सविककडे. यंत्र घेतलंत की बहुधा त्याच घरच्या कार्डाशी तुमची लग्नगाठ. सरकारी चार्ट सरळ त्यात घालता येतोच असं नाही. म्हणून दुकानात पडद्यावर आपल्याला जायचं तेच पाणी उघडायला लावा, आणि तिथला मोजणीचा स्रोत दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर पुढच्या यंत्राकडे वळा. अद्ययावत करायला दरवर्षी किती पैसे लागतात तेही तिथेच विचारा.

याबाबतीत अमेरिकन लोकांचा हेवा वाटतो. त्यांच्या नोआचे इलेक्ट्रॉनिक चार्ट कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. ऑस्ट्रेलियात मोजणी करदात्याच्या पैशाने होते आणि चार्टसाठी परत पैसे. चूक-दुरुस्तीच्या सूचना मात्र वुलनगाँगचं हायड्रोग्राफिक ऑफिस दर पंधरवड्याला फुकट प्रसिद्ध करतं, आणि न्यू साऊथ वेल्सचे नौकाविहाराचे नकाशेही फुकट मिळतात. भारतातही चार्ट विकतच, आणि ते तयार होतात देहरादूनला, हिमालयाच्या पायथ्याशी! गिरावीनमध्ये होडी ठेवणाऱ्याने त्याला हसू नये म्हणा.

शेवटी घेतलं काय? पाच इंची पडदा, खरी बटणं (ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालवून बघा एकदा), आतच खोली मोजणारा सोनार. वाचलेल्या पैशांत चांगला नकाशा आणि ब्रोकन बेचा कागदी चार्ट. खोलीचा अलार्म दीड मीटरवर लावून ठेवलाय. एकक मीटर आहे की फूट ते प्रत्येक वेळी तपासतो, कारण पहिल्या दिवशी ते फूट निघालं. फोन आहेच, पण तो उन्हात तापून बंद पडतो, म्हणून जोडीला. दोन सागरी मैलांपलीकडे इपर्ब लागतोच, तो मित्राच्या वाट्याला.

एटालाँगला मार्चमध्ये परत गेलो. या वेळी लेकीला पुढे बसवलं, काम एकच, बोये मोजायचे आणि पाण्याचा रंग ओरडून सांगायचा. तिने एक बोया पडद्यापेक्षा वेगळ्या जागी पकडला. वहीत नोंद केली, तारीख, भरतीला दोन तास बाकी.

मामाला त्या पानाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, डिसेंबरात ये, माझी वही दाखवतो. मात्र त्यातली तीन पानं दाखवणार नाही. तिथे सुरमई मिळते.