स्कूटरची गोष्ट आता पुरे

दीपा कर्माकरची ती गोष्ट तुमच्याकडेही फॉरवर्ड होऊन आली असेलच. आगरतळ्यात धड व्हॉल्ट नव्हता, म्हणून कोच बिश्वेश्वर नंदींनी जुन्या स्कूटरचे सुटे भाग वापरून तो बनवला आणि पोरगी ऑलिंपिकला पोचली! खाली टाळ्या आणि 'नो एक्सक्यूजेस'. तिने २०२४ मध्ये निवृत्ती घेतली, तरी गोष्ट फिरतेच आहे. मॅनेजर मंडळींची तर फारच लाडकी. माणसं नाहीत, बजेट नाही, पण रिलीज शुक्रवारीच!

मला या गोष्टीचा भयंकर राग येतो. दीपाचा नाही हो, सांगणाऱ्यांचा.

एकतर ती अर्धीच सांगतात. दीपाचे वडील स्वतः वेटलिफ्टिंगचे कोच. सहाव्या वर्षी ती जिम्नॅस्टिक्सला लागली तेव्हा तळपाय सपाट होते, म्हणजे उडी आणि लँडिंग दोन्हींची बोंब. पायाला कमान यावी म्हणून वर्षानुवर्षं मेहनत घेतली गेली. हे कळणारी माणसं आसपास होती म्हणून २००७ मध्ये ती ज्युनियर नॅशनल्स जिंकली. त्याच गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या पोरीचं काय? तिला स्कूटरचा अख्खा शोरूम दिलात तरी काय उपयोग?

आणि ते प्रोदुनोव्हा. हात टेकून पुढे दोन कोलांट्या. चुकलं तर सरळ मानेवर. व्हॉल्टचे मार्क म्हणजे काठिण्य अधिक सफाई. सफाई लहानपणी येते: चांगली साधनं, फोमचा खड्डा, हजारदा न लागता पडायची सोय. ती नसेल तर मार्क आणायचे कुठून? काठिण्यातून. प्रोदुनोव्हाला तेव्हा ७.० होते. जग ज्या उडीपासून चार हात लांब राहायचं ती आपली मुलगी मारत होती, आणि आपण त्याला नुसतं धाडस म्हणत होतो. माझ्या मते तो बालपणीचा बॅकलॉग होता, तिने जीव लावून भरलेला. सांगा बरं, टेस्ट एन्व्हायर्न्मेंट न देता थेट प्रॉडक्शनवर काम करायला लावणाऱ्या कंपनीला आपण काय म्हणतो?

२०१४ ला ग्लासगोत ब्राँझ. २०१६ ला रिओत १५.०६६, चौथी. ब्राँझ १५.२१६ ला गेलं. म्हणजे फरक ०.१५०. पुढच्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन.

रिओनंतर तिला बीएमडब्ल्यू भेट मिळाली होती. आगरतळ्याच्या रस्त्यांवर ती चालवणं कठीण आणि सर्व्हिस सेंटरही नाही, म्हणून तिने गाडीऐवजी पैसे घेतले. ही स्लाइड कुणाच्याच प्रेझेंटेशनमध्ये कशी नसते?