चाचण्यांत उत्तीर्ण, सोडत मात्र बनावट

संगणकाने काढलेले आकडे खरोखर यादृच्छिक आहेत की नाहीत, याचा निर्वाळा संख्याशास्त्रीय चाचण्या देतात, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील 'हॉट लोटो' प्रकरणाने त्याला तडा दिला. २९ डिसेंबर २०१० च्या या सोडतीचे बक्षीस १ कोटी ६५ लाख डॉलरचे होते. विजयी तिकीट घेणारा एडी टिप्टन हा सोडत घेणाऱ्या संघटनेच्याच सुरक्षा विभागात कामाला होता! बक्षीस त्याच्या हाती पडले नाही. २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला व त्याला कमाल २५ वर्षांची शिक्षा झाली.

आकडे काढणाऱ्या प्रणालीत त्याने गुपचूप काही ओळी घुसविल्या होत्या. एरवी आकड्यांचे 'बीज' किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरच्या नोंदीवरून ठरे. मात्र वर्षातील ठराविक तीन दिवशी, तेही बुधवार वा शनिवार असून रात्रीचे आठ वाजून गेले असतील तरच, त्याला आधी हिशेब करता येईल असे बीज वापरले जाई. इतर दिवशी यंत्र कितीही तपासले तरी दोष सापडणार कोठून?

चाचण्यांची मर्यादा येथेच आहे. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या संचात पंधरा चाचण्या आहेत. शून्य आणि एक सारख्या प्रमाणात येतात का, एकच अंक सलग किती वेळा येतो, अशा गोष्टी त्या पाहतात. एक टक्क्याची कसोटी लावली तर शंभरातील एखादी निर्दोष मालिकाही नापास होते. आकडे एकीकडे झुकलेले आहेत का, हे त्यातून कळते. ते कोणाला आधीच ठाऊक होते का, हे कळत नाही. २००६ ते २००८ या काळात डेबियन प्रणालीतील चुकीमुळे विशिष्ट प्रकारच्या व लांबीच्या गुप्त किल्ल्या जेमतेम ३२,७६८ च संभवत होत्या. सुटी किल्ली पाहून ते कोणाच्या लक्षात आले नसते.

महाराष्ट्रात म्हाडाची घरे आणि शिक्षण हक्क कायद्याखालील शाळाप्रवेश यांची सोडत संगणकावरच निघते. तेव्हा चाचणीच्या प्रमाणपत्राबरोबरच बीज कोठून आले आणि प्रणाली लिहिणाऱ्याखेरीज ती कोणी वाचली, हेही अर्जदारांनी विचारावयास हवे.

टिप्टनच्या त्या ओळी अखेर सापडल्या त्या विस्कॉन्सिन राज्यात, २००७ च्या एका सोडतीत वापरलेल्या आणि नंतर जपून ठेवलेल्या यंत्रात.