क्रीडांगण कोणासाठीं?

नांदेडास किंवा लातुरास, लहानसें कां होईना, आंतरराष्ट्रीय सामन्यांचें क्रीडांगण हवें, असें म्हणणाऱ्या मित्रांस आम्ही पुण्याचें नेहरू स्टेडियम दाखवूं इच्छितों. २९ फेब्रुवारी १९९६ रोजीं तेथें केनियाच्या नवख्या संघानें वेस्ट इंडीजला अवघ्या ९३ धावांत गुंडाळलें. पुढें २०१२ सालीं गहुंजें येथें मोठें स्टेडियम झालें, आणि मोठे सामने तिकडे गेले. पुण्याची ही गत, तर नांदेडची काय कथा! वर्षा-दोन वर्षांनीं एखादा सामना. एरवीं दाराला कुलूप.

शिवाय एवढ्या हिरवळीला पाणी लागतें. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास पोंचली; दुसऱ्याच दिवशीं मुंबई उच्च न्यायालयानें आय. पी. एल. चे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास फर्माविलें.

मग मराठवाड्यानें खेळूंच नये काय? असा कांगावा कोणी करूं नये. बीडच्या सचिन धसनें २०२४ सालीं एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत ९६ धावा काढल्या, त्या कांहीं प्रेक्षकांच्या सज्जांच्या बळावर नव्हेत. तालुक्यातालुक्यास एक चांगली मातीची खेळपट्टी, सरावाची जाळी व जाणता शिक्षक, एवढें आधीं द्या. बावीस यार्डांपुरतें पाणी गांव आनंदानें देईल.