डिकीत मावतं म्हणून

माझं दुकान तंबू, सॅक आणि स्लीपिंग बॅगा भाड्याने देण्याचं. नाशकात असल्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक भंडारदऱ्याला जाणारं. शुक्रवारी संध्याकाळी गाडी दुकानापुढे लावायची, सामान भरायचं, घोटीत टाकी फुल करायची, बारीला मुक्काम ठोकून पहाटे कळसूबाई चढायची आणि मग शेंडी, रतनवाडी, साम्रद. धंदा वाढवायचा तर मी त्यांच्या गळ्यात आणखी चार वस्तू मारायला हव्यात. पण मी डिकी उघडायला सांगतो आणि निम्मं सामान घरी ठेवून या म्हणतो. काहींना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे.

पूर्वी एसटीने जाणाऱ्याला सॅकच आवरतं घ्यायला लावायची. जे पाठीवर नेता येईल तेवढंच बरोबर. गाडी आली आणि प्रश्नच बदलला. आता कुणी ‘हे लागेल का’ असं विचारत नाही, ‘हे मावेल का’ असं विचारतात, आणि हल्लीच्या डिकीत सगळं मावतं. घडीच्या खुर्च्या, कोळशाची शेगडी, दिव्यांच्या माळा, चाकं लावलेला स्पीकर. एवढं सगळं भरलेल्या गाडीत पाच जणांत एक टॉर्च सापडते, तीही मोबाईलमधली.

माझं म्हणणं एवढंच, की आपण थंडी, अंधार आणि तहान यांची तयारी करत नाही, कंटाळा येईल याची करतो. कंटाळ्याच्या सामानाला अंत नसतो. थंडीचं सामान मात्र मोजकं असतं आणि तेच राहून जातं. डिसेंबरात साम्रदच्या पठारावर रात्री हुडहुडी भरते. लोक जाडजूड स्लीपिंग बॅग मागतात आणि खालची मॅट ‘राहू द्या’ म्हणून परत करतात. अंगाखाली बॅगेचा कापूस दबला की त्याची ऊब संपते, आणि जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. पातळ बॅग आणि चांगली मॅट घेणारा झोपतो. महागडी बॅग घेऊन मॅट नाकारणारा तीन वाजता गाडीत जाऊन बसतो. आणि थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी तंबूत घेणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जीव जातो तोवर झोप मोडत नाही.

गाडीचं सामान आणि पाठीवरचं सामान घरीच वेगळं करावं. बारीच्या पार्किंगमध्ये पहाटे चार वाजता, डिकीत डोकं घालून ते होत नाही. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि त्या चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून टॉर्च डोक्याला बांधायची हवी आणि हातात पिशवी नको. पाणी माणशी दोन-तीन लिटर, म्हणजे तेवढेच किलो. ते सॅकमध्ये पाठीला चिकटून ठेवायचं, सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात नाही, नाहीतर सॅक मागे ओढते. आतून कचऱ्याची एक मोठी काळी पिशवी लावून कपडे त्यात भरले की पाऊस कितीही येवो. जीन्स नकोच, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही.

तंबू देताना मी तो दुकानासमोर फुटपाथवर एकदा उभा करायला लावतो. शेजारचा झेरॉक्सवाला वैतागतो, पण अंधारात वारा सुटलेला असताना काठी कुठल्या खोळीत जाते हे शिकण्यापेक्षा ते परवडतं. काठी घडी करताना मधून सुरुवात करावी, टोकाकडून नाही. आतल्या रबराच्या दोरीला सारखा ताण बसतो. आणि दवाने ओला झालेला तंबू गुंडाळून रविवारी डिकीत टाकला आणि बुधवारी मला आणून दिला, की बुरशीचा वास पुढच्या गिऱ्हाइकाच्या नशिबी. हे सुशिक्षित लोक करतात, हे मुद्दाम नमूद करतो.

खाण्याचं तर बोलायलाच नको. राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे ज्या अकोले तालुक्यात आहे, देशी वाण जपल्याबद्दल ज्यांना पद्मश्री मिळाली त्यांच्या तालुक्यात, आपण मॉलमधून तांदळाची पाकिटं घेऊन जातो. रतनवाडीत, साम्रदमध्ये घराघरांत जेवण मिळतं: भाकरी, पिठलं, ठेचा, भात. आदल्या दिवशी फोन करायचा, माणसं किती ते सांगायचं, आणि ताटाच्या किमतीवरून घासाघीस करायची नाही. हरिश्चंद्रगडाला निघालेल्यांना तर मी तंबूही देत नाही. पायथ्याच्या पाचनई गावची माणसं वर तंबू लावून देतात, जेवण करून घालतात. त्यांचा रोजगार त्यांच्याकडे राहू द्यावा. माझं भाडं बुडतं, हो. पण चढताना माझ्या तंबूला शिव्या बसत नाहीत हाही फायदाच. बरोबर गूळ-शेंगदाणे, चिक्की, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं आणि आपापली ताटली-पेला एवढं असलं की पुरे.

स्पीकर आणि दिव्यांच्या माळा यांच्याबाबत मात्र मी सौम्य बोलत नाही. हा सगळा परिसर 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या तोंडावर, तिथल्या झाडांवर काजवे चमकतात. ती चमक एकमेकांना शोधण्यासाठी असते. त्याच झाडाखाली आपण एलईडीची माळ लावली आणि गाडीचे हेडलाइट चालू ठेवले, तर त्यांची जोडी जुळणार कशी? काजवे बघायला जायचं आणि उजेड बरोबर घेऊन जायचं, याला काय म्हणावं!

आता कचरा. महाराष्ट्रात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर 2018 पासून बंदी आहे, पण भंडारदरा धरणाच्या काठावर रविवारी दुपारी फिरून या. उपदेशाने हे थांबत नाही, याची मला खात्री आहे. तंबूच्या खुंट्या मी पूर्वी मोजून द्यायचो आणि ‘कृपया परत आणा’ म्हणायचो. निम्म्या यायच्या. मग प्रत्येक खुंटीमागे अनामत घ्यायला लागलो. आता लोक गवतात हात घालून खुंट्या शोधून आणतात, एखादा तर दुसऱ्याच्या दोन जास्तीच्या घेऊन येतो.

वन्यजीव विभाग नाक्यावर प्रवेशशुल्क घेतोच. तिथेच गाडीतल्या बाटल्या आणि पाकिटं मोजावीत, प्रत्येकीमागे घसघशीत अनामत घ्यावी आणि परतताना रिकाम्या मोजून पैसे द्यावेत. मोजणीचं काम गावातल्या पोरांना पगारावर द्यावं. शनिवारी सकाळी रांग लागेल, अशी तक्रार येणारच. ज्याच्या डिकीत कमी, त्याची गाडी लवकर सुटेल.