हॅपी हार्मोन? आधी टोळाला विचारा!

‘मूड ऑफ आहे? सेरोटोनिन वाढवा! केळी खा, उन्हात बसा.’ असं कार्ड तुम्हीही कुणाच्या तरी स्टोरीवर पाहिलं असेल. त्यातलं एक मी बनवलंय. इंटर्नशिपचा दुसरा आठवडा, पिवळं बॅकग्राउंड, हसरं केळं. लाइक्सही बरे आले. महिन्याभराने कळलं, की माझ्या रूममेटने डिप्रेशनच्या गोळ्या परस्पर बंद केल्यात (तिला विचारूनच लिहितेय). तिचं लॉजिक साधं होतं. गोळी सेरोटोनिनसाठीच आहे ना, मग केळ्यातून घेते की! चार दिवसांत तिला गरगरायला लागलं, मळमळ सुरू झाली, झोप उडाली. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता बरी आहे. मी मात्र तेव्हापासून ‘हॅपी हार्मोन’ या शब्दावर खार खाऊन आहे.

झूलॉजीत एमएस्सी करणाऱ्या मैत्रिणीसमोर हे रडगाणं गायले, तर ती म्हणाली, ‘‘अगं, तुमचं ते हॅपी हार्मोन किड्यांच्या पोटात काय करतं, ते बघ आधी.’’

तर बघा. दक्षिण अमेरिकेत ऱ्होडनियस नावाचा रक्त पिणारा ढेकूण आहे. त्याचं पिल्लू एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या दहापटीपर्यंत रक्त पितं. म्हणजे तुम्ही साठ किलोचे असाल, तर सहाशे किलोचं जेवण! प्यायला लागल्यावर काही मिनिटांतच त्याच्या अंगात सेरोटोनिन वाढतं. त्याने पोटावरचं कवच ताणण्याइतकं मऊ होतं, आतड्याचे स्नायू जोरात आकुंचन पावतात आणि जास्तीचं पाणी बाहेर फेकायचं काम सुरू होतं. याच ढेकणाच्या विष्ठेतून चागास रोगाचे परजीवी माणसाच्या अंगात शिरतात. त्या घरातल्या माणसांना यात ‘हॅपी’ काय वाटणार?

आता टोळ घ्या. आफ्रिकेतल्या स्थलांतरित टोळाच्या मधल्या आतड्यावर तेच सेरोटोनिन सोडलं, तर स्नायू आकुंचन पावण्याऐवजी सैल पडतात. रेणू एकच, काम उलटं. कारण त्या स्नायूच्या पेशींवर कोणता रिसेप्टर बसलाय, त्यावर सगळं ठरतं. कॉलेजची बेल नाही का, लेक्चर सुरू होतानाही तीच वाजते आणि सुटतानाही! बेलला आपण ‘आनंदी बेल’ म्हणत नाही. (शुक्रवारच्या शेवटच्या लेक्चरचा अपवाद.)

आणि गंमत म्हणजे हा रेणू आधी सापडला तो पोटाच्या नात्यानेच. इटलीच्या व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना १९३०च्या दशकात आतड्याच्या अस्तरात स्नायू आकुंचन पाववणारा एक पदार्थ मिळाला. त्यांनी त्याला नाव दिलं एंटेरामीन, म्हणजे आतड्यातलं अमाइन. १९४८मध्ये अमेरिकेत रक्तातून वेगळा काढलेल्या पदार्थाचं नाव पडलं सेरोटोनिन. दोन्ही एकच आहेत हे १९५२मध्ये कळलं. आजही आपल्या शरीरातलं साधारण ९० टक्के सेरोटोनिन पोटातच असतं. एंटेरामीन हेच नाव टिकलं असतं, तर माझ्या कार्डावर हसरं केळं आलं असतं का, शंकाच आहे.

केळ्यात सेरोटोनिन असतं, हे खरं. पण ते मेंदूत पोचत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी त्याला अडवते. आणि रूममेटची गोळीसुद्धा सेरोटोनिन ‘भरत’ नाही. पेशींनी सोडलेलं सेरोटोनिन लगेच परत ओढलं जाऊ नये, एवढंच ती बघते. परिणाम दिसायलाही काही आठवडे जातात. ती कधी आणि कशी कमी करायची, हे डॉक्टरच सांगू शकतात.

‘सोप्या भाषेत सांगायला नको का?’ असं तुम्ही म्हणाल. हवंच की, मी तेच तर शिकतेय! पण ‘सेरोटोनिन हा पेशींमधला निरोप आहे’ हे वाक्यही सोपंच आहे. फक्त त्याला लाइक्स कमी पडतात. आपण कार्ड बनवणारे त्या लाइक्ससाठी औषधाचा पर्याय विकून बसतो, आणि समोर गोळ्या घेणारं कुणी आहे का, हे विचारतही नाही. उन्हात जरूर बसा, केळीही खा, मला केळ्याशी भांडायचं नाहीये.

ते कार्ड मी काढून टाकलं. काल मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलंय. खाली लिहिलंय, ‘मुलांनो, नक्की वाचा.’