एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायम जोडलेली? मग बॅकअप अर्धाच!

घरच्या कॉम्प्युटरमधले फोटो, घराची कागदपत्रे एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी केली, की आपण निर्धास्त होतो. पण डिस्क कायम जोडलेली असेल, तर धोका टळत नाही.

धोका कसला?
रॅन्समवेअर शिरले, की जोडलेल्या ड्राइव्हवरील फाइल्सही लॉक होतात. मे २०१७मधील 'वॉनाक्राय' हल्ल्यात हेच दिसले.

काय कराल?
विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी', मॅकमध्ये 'टाइम मशीन' सुरू करा. आठवड्यातून एकदा डिस्क जोडा, बॅकअप पूर्ण होऊ द्या, 'इजेक्ट' करून कपाटात ठेवा. अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून पाहा.

डिस्कही बिघडते, चोरीला जाते. म्हणून '३-२-१' सूत्र पाळा : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. क्लाउडवर किंवा भावाबहिणीकडे ठेवलेली दुसरी डिस्कही चालेल.