आटे गेले? मग असेंब्ली बदला!

हेडलॅम्पच्या खालच्या बॉसमधले आटे गेलेत, स्क्रू नुसता फिरतोय, पितळी इन्सर्ट बसवून दुरुस्ती, मजुरी ९०० रुपये. एस्टिमेटमध्ये एवढी ओळ लिहिली की विमा कंपनीच्या सर्व्हेअरकडून ठरलेलं उत्तर येतं : "अशी मजुरी आमच्या यादीत नाही. असेंब्ली टाकायची तर टाका, नाहीतर ओळ काढा." गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये हीच तक्रार इतक्यांदा वाचली की हे संपादकीय तिलाच द्यायचं ठरवलं.

समजा, त्या असेंब्लीची किंमत १४ हजार आहे. साधी पॉलिसी असेल तर प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा, म्हणजे सात हजार ग्राहकाच्या खिशातून आणि सात हजार कंपनीच्या. दुरुस्तीच्या मजुरीवर घसारा नाही. बंपर, फेंडर, रंग अशा मोठ्या क्लेममधली ही एक ओळ असते, सक्तीची हजार-दोन हजारांची वजावट तशीही एकदाच होणार असते. म्हणजे ओळ मंजूर केली तर कंपनीचे सहा हजार शंभर वाचतात, ग्राहकाचे सात हजार. झिरो डेप असेल तर ग्राहकाला झळ लागत नाही, पण मग कंपनीचेच तेरा हजार शंभर जातात. स्वतःच्या मालकाचे पैसे वाचवणारी ओळ खोडायची आणि खर्चाची मंजूर करायची, हा हिशेब कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात ते एकदा कळायला हवं.

घसाऱ्याचा तक्ता तर आणखी मजेशीर आहे. पत्र्याचा भाग सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, मग चढत चढत दहा वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के. प्लास्टिक मात्र शोरूममधून निघालं त्या दिवसापासूनच ५० टक्के. २००२ च्या मोटार टॅरिफमधली ही रीत. २००७ मध्ये ओन डॅमेजचे दर मोकळे झाले, पण पॉलिसीतलं हे कलम जिथल्या तिथे राहिलं. तेव्हाच्या गाडीत प्लास्टिक किती होतं आणि आजच्या गाडीचं नाक उघडल्यावर पत्रा शोधावा लागतो, हे वर्कशॉपमध्ये एक दिवस उभं राहणाऱ्यालाही दिसतं. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्क्यांवर आला, आता असेंब्ली बदलणंच परवडतं, असं काउंटरवर सांगणारे आपल्यातही आहेत. किंमत उतरली तरी तिचा अर्धा भाग ग्राहकच भरतो.

सर्व्हेअरचा एक प्रश्न मात्र रास्त आहे, तो टाळून चालणार नाही. आटे धडकेत गेले की मागच्या वेळी बल्ब बदलताना कुणीतरी गन मारली म्हणून गेले? पॉलिसी अपघाताचं नुकसान भरते, मिस्त्रीच्या हाताचं नाही. या प्रश्नाला आपल्याकडे बहुतेक वेळा उत्तर नसतं, कारण उघडतानाचा फोटो कुणी काढलेला नसतो. बॉस उभा चिरलाय, लग एका बाजूला ओढला गेलाय, तर तो धक्का आहे. बॉस शाबूत आणि आत नुसता भुगा, तर ती आपलीच कृपा.

आता आपल्या मंडळींकडे वळतो. पत्र्याच्या क्लिप नटला चालणारी इम्पॅक्ट गन प्लास्टिकच्या बॉसवर चालवणारे वर्कशॉप आजही कमी नाहीत. वेगाने फिरणारा स्क्रू घर्षणाने आटा आधी मऊ करतो आणि मग कापून काढतो. हाताने घेताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्याच्या तोंडाशी तो 'टक' करून खाली बसतो, मग सुलटा. हेल्परला हे दाखवायला एक मिनिट लागतं, तरीही प्रत्येक वेळी नवा आटा कापला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या खोलाखोलीत बॉस रिकामा. मग त्यात एक नंबर जाड स्क्रू कोंबायचा, नाहीतर फेविक्विक आणि खायचा सोडा भरायचा. एबीएसवर तो गोळा काही दिवस तग धरतो, पॉलिप्रॉपिलीनला तो मुळात चिकटतच नाही. भागाच्या मागच्या बाजूला कोनी कंसात पीपी, एबीएस, पीए६६-जीएफ३० असं छापलेलं असतं. ते वाचायचे कष्ट किती जण घेतात? आणि थ्रेडलॉकर? ते धातूच्या आट्यांसाठी आहे. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात आणि गाडी पुन्हा आपल्याच दारात येते.

इन्सर्ट बसवण्याची रीत तुम्हाला माहीत आहे, पण परत आलेली कामं पाहता दोन गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतात. पहिली, बॉसचा बाहेरचा व्यास इन्सर्टच्या निदान दुप्पट हवा. नसेल तर आधी बाहेरून वेल्ड करून भर घाला, नाहीतर तापलेलं पितळ भिंत फाडूनच बसेल. दुसरी, आणि हीच बहुतेकांची चुकते : वर बसणाऱ्या ब्रॅकेटचं भोक इन्सर्टच्या बाहेरच्या व्यासापेक्षा लहान पाहिजे. ब्रॅकेट पितळावर टेकला पाहिजे. तो प्लास्टिकवर टेकला आणि खाली इन्सर्ट मोकळा राहिला, तर स्क्रू आवळताना इन्सर्टच वर खेचला जातो. मग "इन्सर्ट टिकत नाहीत" असा गवगवा. भोक मोठं असेल तर पत्र्याचा वॉशर घाला. सोल्डरिंग आयर्नने इन्सर्ट पूर्ण खाली दाबू नका. केसभर वर असताना आयर्न काढा आणि सपाट पट्टीने दाबून थंड होऊ द्या. ग्लास भरलेल्या नायलॉनला जास्त उष्णता लागते, तिथे पीपीच्या सवयीने घाई केली की इन्सर्ट तिरका बसतो. माल मिळत नाही ही सबबही ऐकून घेणार नाही. पितळी इन्सर्ट जामनगरमध्ये ढिगाने बनतात आणि थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांमुळे पुण्यात बुधवार पेठेतही सुटे मिळतात.

कूलंटच्या दाबाखालचे भाग, इंधनाच्या लाइनचे भाग आणि एअरबॅगशी संबंध असलेला कुठलाही ब्रॅकेट या चर्चेत नाही. तिथे बदलायचंच. हेडलॅम्पचं काम झाल्यावर फोकस तपासल्याशिवाय गाडी सोडली तर ती दुरुस्ती मानू नका.

हे काम आपण आजवर फुकटात केलं, "चहापाणी द्या" म्हणून केलं किंवा बिलात 'किरकोळ' या शब्दाखाली लपवलं. ज्या कामाला आपणच नाव दिलं नाही, त्याला यादीत जागा कोण देणार? म्हणून या महिन्यापासून एस्टिमेटमध्ये स्पष्ट लिहा : भागाचं नाव, मटेरियलचा कोड, इन्सर्टचं माप, मजुरी. उघडतानाचा एक फोटो, इन्सर्ट बसल्यावर एक, जोडून झाल्यावर एक. सर्व्हेअरने ओळ खोडली तर तोंडी ऐकून गप्प बसू नका, कारण ईमेलवर मागा. "साहेब नाराज होतील, पुढची गाडी येणार नाही" ही भीती मला कळते. पण एकट्याने मागितलं तर तो वाद होतो, शंभर वर्कशॉपनी एकाच मसुद्यात मागितलं तर ती मागणी होते. मसुदा पान ३८ वर आहे, झेरॉक्स काढा. जिल्हा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी सत्काराचे कार्यक्रम एक महिना पुढे ढकलून विमा कंपन्यांच्या विभागीय कार्यालयांत ही मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

खोडलेल्या ओळींची एस्टिमेट आमच्याकडे पाठवा. ग्राहकाचं नाव आणि गाडीचा नंबर काळ्या पेनने झाका, रक्कम झाकू नका. फोटो नसतील तर पाठवू नका.